मास्टोडॉन बसवणं सोपं आहे; आधी सातबारा कोणाच्या नावावर ते ठरवा

प्रश्न असा आला आहे: "मी एका नगरपरिषदेच्या संगणक विभागात आहे. युरोपातली सरकारी कार्यालयं ट्विटर-फेसबुकऐवजी किंवा त्यांच्या जोडीला मास्टोडॉनसारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर गेली, असं वाचलं. त्यातली काही बंदही पडली म्हणतात. तिथला खरा अनुभव काय? आणि आमच्यासारख्या लहान संस्थेने त्या वाटेला जावं का?"

जावं, असं माझं मत आहे. मात्र ज्या कारणासाठी बहुतेक जण जातात, त्या कारणासाठी नको. आणि सर्व्हर विकत घेण्याआधी एका कागदावर सही झालेली हवी. तो कागद कसला, ते पुढे येईल.

मी मूळचा सांगलीचा. गेली अकरा वर्षं जर्मनीत एका मध्यम शहराच्या प्रशासनात सर्व्हर सांभाळतो. त्यातली शेवटची काही वर्षं शहराचा मास्टोडॉन सर्व्हर माझ्याकडे आहे. त्यामुळे जे लिहितो आहे त्यातलं बरंचसं हाताखालून गेलेलं आहे.

आधी गोष्ट काय आहे ते थोडक्यात. ईमेल डोळ्यासमोर आणा. तुमच्या कार्यालयाचा मेल तुमच्या सर्व्हरवरून निघतो, घेणाऱ्याचं खातं जीमेलवर असतं, तरी मेल पोचतो. दोघांनी एकाच कंपनीचं गिऱ्हाईक असायची गरज नसते. मास्टोडॉन हेच सोशल मीडियासाठी करतं. ऑयगेन रोखको या जर्मनीतल्या तरुणाने २०१६ मध्ये ते सुरू केलं. सोर्स कोड खुला आहे, परवाना एजीपीएल, म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं, पण बदल केले तर तेही खुले ठेवावे लागतात. सर्व्हर एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात त्याला ॲक्टिव्हिटीपब म्हणतात आणि जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेने त्याला मान्यता दिली. व्हिडिओसाठी याच कुळातलं पीअरट्यूब आहे, ते फ्रान्सच्या फ्रामासॉफ्ट संस्थेने वाढवलं. या सगळ्या जोडलेल्या सर्व्हरांच्या गोतावळ्याला फेडिव्हर्स म्हणतात.

आता सरकारं इथे का आली? जर्मनीत सुरुवात झाली ती माहिती-संरक्षणाच्या वादातून. जून २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की फेसबुकवर पान चालवणारी संस्थाही, पाहणाऱ्यांची जी माहिती फेसबुक गोळा करतं, तिच्यासाठी फेसबुकच्या जोडीने जबाबदार आहे. म्हणजे नागरिक पालिकेची सूचना वाचायला येणार, त्याच्या मागावर फेसबुक राहणार, आणि जबाब पालिकेलाही द्यावा लागणार. केंद्रीय माहिती-संरक्षण आयुक्त उलरिश केल्बर हे त्यावर अडून बसले. त्यांच्याच कार्यालयाने २०२० मध्ये केंद्रीय कार्यालयांसाठी 'सोशल डॉट बुंड डॉट डीई' हा सर्व्हर उभा केला. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचे आयुक्त श्टेफान ब्रिंक यांनी तर त्याच वर्षाच्या जानेवारीत आपलं ट्विटर खातं सरळ बंद केलं. कायद्याची ती लढाई मात्र पुढे सरळ रेषेत गेली नाही. केल्बर यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाला फेसबुक पान बंद करण्याचा आदेश दिला, आणि जुलै २०२५ मध्ये कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्यामुळे निव्वळ कायद्याच्या धाकावर कुणी तुम्हाला हे विकत असेल तर सावध राहा.

माझ्या दृष्टीने खरं कारण २०२२ आणि २०२३ मध्ये समोर आलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरने महिना ८ डॉलर भरणाऱ्याला निळी खूण द्यायला सुरुवात केली; आधी ती खातं खरं असल्याची खात्री म्हणून मिळायची. लगेच कुणीतरी एलाय लिली या औषध कंपनीच्या नावाने खूण असलेलं खोटं खातं काढून "इन्सुलिन आता फुकट" अशी घोषणा केली. एप्रिल २०२३ मध्ये आपोआप संदेश टाकण्याच्या सोयीचे नियम आणि दर बदलले, तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेला सांगावं लागलं की वादळ आणि त्सुनामीचे इशारे आता तिथे आपोआप जाऊ शकणार नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रो-बस चालवणाऱ्या एमटीएने त्याच महिन्यात गाड्यांच्या सूचना ट्विटरवर टाकणं थांबवलं. मे महिन्यात सरकारी सेवांना सूट मिळाली, सूचना परत सुरू झाल्या. पण जूनच्या शेवटी खातं नसलेल्यांना ट्विट दिसणंच बंद झालं, आणि १ जुलैला सामान्य खात्यांवर दिवसाला ६०० ट्विट वाचण्याची मर्यादा आली.

आमच्या कार्यालयात त्या आठवड्यात एका आजींचा फोन आला होता. पुलाच्या दुरुस्तीची सूचना कुठे बघू, म्हणून. वेबसाइटवर आमच्याच माणसांनी "ताज्या माहितीसाठी आमचं ट्विटर पाहा" असं लिहून ठेवलं होतं आणि आजींना तिथे नुसती लॉगिनची चौकट दिसत होती. माझ्या शेजारच्या सहकाऱ्याने त्यांना फोनवर चार मिनिटं पुलाची माहिती वाचून दाखवली. नगरपालिकेने आपला सूचना फलक दुसऱ्याच्या दुकानाच्या भिंतीवर टांगला, दुकानदाराने एक दिवस शटर ओढलं, असं ते झालं. दुकानदाराचा त्यात गुन्हा नाही, दुकान त्याचं आहे. चूक फलक टांगणाऱ्याची.

आपल्याकडे हे कू या ट्विटरसारख्या ॲपच्या बाबतीत पूर्ण झालेलं आहे. २०२१ मध्ये केंद्रातली मंत्रालयं, मंत्री, कितीतरी सरकारी खाती हौसेने कूवर गेली. देशी होतं, मराठीतही चालत होतं. जुलै २०२४ मध्ये चालकांनी ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. इतक्या मेहनतीने जमवलेले फॉलोअर, लिहिलेला मजकूर, सगळं त्या कंपनीबरोबर गेलं. देशी की विदेशी हा प्रश्नच नव्हता. पत्ता दुसऱ्याच्या नावावर होता.

म्हणून मी सातबारा म्हणतो. मास्टोडॉनवर तुमचं खातं म्हणजे नाव आणि त्यापुढे सर्व्हरचा डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. तो डोमेन जर तुमच्या सरकारी वेबसाइटचा उपडोमेन असेल, तर ओळख पटवायला निळी खूण लागत नाही. 'गव्ह डॉट इन'वर शेवट होणारा पत्ता कुणी आठ डॉलरला घेऊ शकत नाही. दुसऱ्याच्या सर्व्हरवर खातं असलं तरी एक सोय आहे: तुमच्या वेबसाइटवर त्या खात्याचा दुवा ठरावीक खुणेसह ठेवला, की प्रोफाइलवर तुमच्या वेबसाइटचा पत्ता हिरव्या रंगात दिसतो. लहान नगरपरिषदेला पहिल्या वर्षी एवढंही पुरेल.

पण डोमेन एकदाच निवडता येतो, हे ठळक लक्षात ठेवा. मास्टोडॉनचा सर्व्हर एकदा चालू झाला, इतर सर्व्हरांशी बोलला, की त्याचं नाव बदलत नाही. दुसरा सर्व्हर उभा करून खाती हलवता येतात, फॉलोअर सोबत येतात, पण जुन्या पोस्ट येत नाहीत. आणि गंमत म्हणून भलत्या देशाचा डोमेन घेऊ नका. अफगाणिस्तानच्या 'डॉट एएफ'वर एक मास्टोडॉन सर्व्हर चालत होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या मंत्रालयाने तो डोमेन काढून घेतला आणि पत्ता गेला.

आता बंद पडलेल्यांकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातला तो सर्वांत चांगला भाग आहे.

युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण पर्यवेक्षकांनी २८ एप्रिल २०२२ रोजी 'ईयू व्हॉइस' हा मास्टोडॉन सर्व्हर आणि 'ईयू व्हिडिओ' हा पीअरट्यूब सर्व्हर सुरू केला. काम चांगलं चाललं होतं. संघाच्या संस्था तिथे खाती काढून लिहीत होत्या, लोक उत्तरं देत होते. १८ मे २०२४ रोजी दोन्ही बंद झाले. सॉफ्टवेअर बिघडलं नव्हतं. ज्या कार्यालयाने प्रयोग म्हणून हे सुरू केलं त्याचं मुळातलं काम सोशल मीडिया चालवण्याचं नव्हतंच, आणि ते कायमचं आपल्या अंगावर घेणारी दुसरी संस्था संघात सापडली नाही. युरोपियन कमिशनने मग स्वतःचा सर्व्हर काढला आणि आपलं खातं तिकडे नेलं. फॉलोअर बरोबर गेले, कारण सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. कूच्या बंद होण्यात आणि या बंद होण्यात हा मोठा फरक आहे.

स्वित्झर्लंडचं वेगळं. तिथल्या संघीय कार्यालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये वर्षभराचा प्रयोग केला. सहा खाती, मिळून साडेतीन हजारांच्या आसपास फॉलोअर. प्रतिसाद कमी म्हणून २०२४ च्या शरदात बंद केलं. त्यांनी ठरवलेल्या मापाने निर्णय प्रामाणिक होता. मला मापच पटत नाही. तलाठी कार्यालयाबाहेरच्या फलकाजवळ रोज किती माणसं थांबतात, हे मोजून आपण फलक काढून टाकत नाही. तो तिथे असायलाच हवा म्हणून असतो. सोशल मीडियावर मात्र आपण जाहिरातवाल्यांची मोजपट्टी डोळे झाकून उचलली आहे.

नेदरलँड्सने २०२३ मध्ये अंतर्गत कारभार मंत्रालयामार्फत सरकारी सर्व्हर काढला. त्यांच्या विद्यापीठांसाठी सर्फ ही संस्था वेगळा सर्व्हर चालवू लागली. बीबीसीने त्याच उन्हाळ्यात सहा महिन्यांचा म्हणून प्रयोग सुरू केला आणि पुढे वाढवला. बीबीसीचा सर्व्हर मला शिकण्यासारखा वाटतो, कारण बाहेरच्या कुणाला तिथे खातं काढता येत नाही, फक्त त्यांचीच खाती. तुम्हीही हेच करा. नोंदणी बंद ठेवा. लोकांना आपल्या सर्व्हरवर घ्यायला लागलात की त्यांच्या भांडणांची, शिवीगाळीची, तक्रारींची जबाबदारी येते, आणि दोन माणसांच्या संगणक विभागाला ती झेपत नाही. नागरिक त्यांच्या आवडीच्या सर्व्हरवरून तुम्हाला फॉलो करतील, ज्यांचं कुठेच खातं नाही ते ब्राउझरमध्ये नुसतं पान उघडून वाचतील. प्रत्येक खात्याची आरएसएस फीडही, म्हणजे नव्या पोस्टची यंत्राला वाचता येणारी यादी, आपोआप तयार असते. ती गावच्या बातम्या देणाऱ्या पोरांना दाखवा, ते फार खूश होतात.

तर तो कागद. त्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: सर्व्हर कोणत्या विभागाच्या नावावर आहे, त्याचा वार्षिक खर्च कोणत्या लेखाशीर्षातून जाणार, आणि सांभाळणारा माणूस बदलून गेला तर चार्ज कोण घेणार. मुख्याधिकाऱ्यांची सही, आवक-जावक क्रमांकासह. हे मी कुत्सितपणे लिहीत नाही. युरोपात जे टिकलं ते याच तीन ओळींवर टिकलं. उत्साही माणसाच्या जोरावर सुरू झालेले सर्व्हर तो माणूस नोकरी बदलतो त्या महिन्यात लटपटतात. आणि आपल्याकडे तर बदल्या नियमाने होतात. वरून धोरणाचा आधार हवा असेल तर केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण २०१५ पासून आहे. टिपणीत त्याचा उल्लेख करा, फाइल हलायला मदत होते.

यंत्राबद्दल थोडं. दहा-वीस खात्यांसाठी ४ कोअर आणि ८ जीबी रॅमचा सर्व्हर पुरतो. डिस्ककडे मात्र लक्ष हवं. मास्टोडॉन इतर सर्व्हरांवरच्या चित्रांच्या आणि व्हिडिओंच्या प्रती आपल्याकडे साठवत जातं. मी हे पहिल्या हिवाळ्यात शिकलो. जानेवारीतली रात्र होती, बर्फामुळे पहाटेच्या बस रद्द करायच्या होत्या, आणि पावणेतीनला जनसंपर्क विभागाच्या बाईंचा फोन आला की पोस्ट जात नाही. डिस्क शंभर टक्के भरलेली, डेटाबेस थांबलेला. आमचा स्वतःचा मजकूर पुरता दोन जीबीही नव्हता. उरलेलं सगळं बाहेरची मांजरं, निसर्गचित्रं आणि व्हिडिओ. जुन्या प्रती पुसायची एक आज्ञा आहे, ती चालवली आणि तीन वाजून दहा मिनिटांनी बसची सूचना गेली. ती आज्ञा तेव्हापासून रोज रात्री आपोआप चालते, आणि डिस्क ७० टक्क्यांवर गेली की माझा फोन वाजतो. तुम्ही हे पहिल्या दिवशीच लावा.

बॅकअप डेटाबेसचा घ्याच, पण सर्व्हरच्या गुप्त किल्ल्या ज्या फाइलमध्ये असतात तीही वेगळ्या जागी ठेवा; तिच्याशिवाय नुसता डेटाबेस परत आणून काम भागत नाही. आणि सुरक्षेच्या सुधारणा आल्या की त्याच दिवशी बसवायच्या. जुलै २०२३ मध्ये मोझिलाने खर्च उचललेल्या तपासणीत क्युअर५३ या कंपनीला मास्टोडॉनमध्ये गंभीर भोक सापडलं होतं, नुसती खास बनवलेली फाइल जोडून सर्व्हर ताब्यात घेता येईल असं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एक सापडलं, त्यात दुसऱ्याच्या खात्याचं सोंग घेता येत होतं. दोन्ही वेळा सुधारणा तयार होती. ज्यांनी "सोमवारी बघू" म्हटलं ते मधले दिवस उघडे राहिले. मुक्त सॉफ्टवेअरला परवान्याचे पैसे लागत नाहीत, राखणीचे लागतात. राखणीसाठी माणूस नसेल तर स्वतःचा सर्व्हर काढू नका, जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या पातळीवर एकच काढायला लावा आणि त्यावर खातं घ्या. खरं सांगायचं तर महाराष्ट्रात हेच बरं होईल: सर्व्हर एक, डोमेन सरकारी, आणि प्रत्येक नगरपरिषदेचं, पंचायत समितीचं आपापलं खातं.

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक फायदा आहे, जो फारसा कुणी सांगत नाही. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, फुकटच्या खात्याला २८० अक्षरांची मर्यादा आहे आणि तिथे काना, मात्रा, वेलांटी, प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते. "पाणीपुरवठा" लिहिलंत तर दहा मोजले जातात. मास्टोडॉनची मर्यादा ५०० ची, आणि तिथे अक्षर खुणेसकट एक धरलं जातं: पा, णी, पु, र, व, ठा. सहा. म्हणजे वॉर्डांची नावं, वेळ, टँकरचा फोन नंबर, सगळं एका पोस्टमध्ये बसतं, शब्दांची खांडोळी न करता. पोस्ट टाकताना भाषा "मराठी" निवडायला विसरू नका, भाषेप्रमाणे पोस्ट गाळून पाहणाऱ्यांना त्यामुळे तुम्ही सापडता. हॅशटॅग देवनागरीत चालतात आणि ते वापराच, कारण इथे मजकुराचा शोध मर्यादित आहे, लोक हॅशटॅगवरूनच येतात.

चित्राला वर्णन लिहा. हे इथल्या लोकांचं आग्रहाचं आहे आणि त्यांचं बरोबर आहे. आमच्या जनसंपर्क विभागाने एकदा पाणी बंद राहणाऱ्या भागाचा नकाशा नुसता चित्र म्हणून टाकला. पहिलं उत्तर आलं ते एका अंध नागरिकाचं: "माझी गल्ली यात आहे का?" एवढंच. बाईंनी ते वाचलं, खुर्चीत बसल्या बसल्या सगळ्या गल्ल्यांची यादी टाइप केली, आणि त्या दिवसापासून वर्णनाशिवाय चित्र टाकायचं नाही हा त्यांचा नियम झाला. आपल्याकडे तर सूचना म्हणजे लेटरहेडवरच्या पत्राचा वाकडा फोटो, तोही व्हॉट्सॲपवरून फिरून पुसट झालेला. तो मजकूर टाइप करून टाका. डोळस माणसालाही तोच हवा असतो.

एक्स, फेसबुक, व्हॉट्सॲप सोडा असं मी सांगणार नाही. तुमचे नागरिक तिथे आहेत. क्रम मात्र बदला: सूचना आधी स्वतःच्या वेबसाइटवर, त्याच मिनिटाला मास्टोडॉनवर, आणि मग तिचा दुवा बाकी ठिकाणी. उलट्या क्रमाने, म्हणजे एक्सवरचं यंत्राने उचलून मास्टोडॉनवर ओतलं तर ते लगेच ओळखू येतं. लोक उत्तर देतात, पलीकडे कुणी नसतं, आणि महिन्याभरात ते निघून जातात. इथे काय दिसावं ते ठरवणारं गणित नाही, पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसतात. म्हणून फॉलोअर हळू वाढतात, पण जे येतात ते वाचतात आणि विचारतात. रोज अर्धा तास उत्तरं देणारा माणूस लागतो. तो नसेल तर प्रोफाइलवर स्वच्छ लिहा की या खात्यावर फक्त सूचना येतात, तक्रारींसाठी अमुक नंबर.

सर्वसाधारण सभेचे व्हिडिओ ठेवायचे असतील तर पीअरट्यूबचा विचार दुसऱ्या वर्षी करा. त्याला साठवणूक बरीच लागते, आधी मास्टोडॉनची घडी बसू द्या.

पहिलं खातं कशाचं काढायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात माझी आई सांगलीत होती आणि मी इथे. कृष्णेची आयर्विन पुलापाशी पातळी किती, एवढं एकच मला कळायला हवं होतं. व्हॉट्सॲपवर फोटो येत होते, त्यांवर तारीख नाही, वेळ नाही. एकाच तासात मला तीन वेगळे आकडे मिळाले आणि त्यातला सरकारी कोणता हे ठरवायची काही सोय नव्हती. रात्रभर मी आईला फोन करून पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं ते विचारत होतो.

तुमच्या गावाला नदी असेल तर पहिलं खातं पाणीपातळीचं काढा. नगराध्यक्षांच्या कार्यक्रमांचं नंतर. प्रत्येक पोस्टमध्ये चार गोष्टी: पातळी, मोजल्याची वेळ, आधीच्या नोंदीपेक्षा चढ की उतार, आणि पुढची नोंद किती वाजता. मे महिन्यात सुरू करा, नदी कोरडी असताना. रोज सकाळी एक नोंद टाकायचा सराव होऊ द्या, सुट्टीच्या दिवशी कोण टाकणार ते ठरू द्या. पोस्ट पाहायला नागरिकांना खातं लागत नाही, म्हणून पत्ता घंटागाडीवर आणि पाणीपट्टीच्या बिलावर छापा.